ट्रॅक्टर जागेवर बसला? आधी जोर नको, आधी क्रम

मागच्या महिन्यात ‘शेती आणि आपण’ या गप्पांमध्ये आम्ही फवारणी पंपाबद्दल बोललो. त्यानंतर शिंदखेड्याकडच्या एका ताईंचा फोन आला. त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, “मन्हं ट्रॅक्टर जागावरच बसनं, आते काय करू वं माय?” इंजिन सुरू होतं, पण गाडी हलत नाही. गावातल्या एकाने सांगितलं, गिअरबॉक्सचा शाफ्ट जाम झाला, आता खर्च करण्यात अर्थ नाही, भंगारात देऊन टाका.

ताई, तुमचा फोन ऐकून आम्हाला आमचाच ट्रॅक्टर आठवला. आमच्यावर हीच वेळ येऊन गेली आहे. तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं आणि न कळण्याची किंमत आम्ही मोजली. म्हणून आजची गप्पा त्यावरच. हे ऐकून तुम्ही मिस्त्री व्हाल असं नाही. पण मिस्त्रीसमोर उभं राहिल्यावर कोणता प्रश्न विचारायचा, कोणत्या गोष्टीला नाही म्हणायचं आणि भंगारवाल्याला कधी परत पाठवायचं, एवढं नक्की कळेल.

आमचं काय झालं ते आधी सांगतो. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीकडे नवऱ्याच्या मागे राहिलेला जुना ट्रॅक्टर आहे. चार एकर कपाशी आणि गावात नांगरटीचं, ट्रॉलीचं भाडं, यावर तिचं घर चालतं. गटातल्या आम्ही सगळ्याजणी तिच्याकडूनच पाळी-पाळीने मशागत करून घेतो. एका पावसाळ्यात काम नव्हतं म्हणून ट्रॅक्टर अडीच महिने निंबाखाली उभा राहिला. गिअरच्या दांडीला खाली जो रबराचा टोप असतो, तो फाटलेला होता. ते आम्हाला दिसत होतं. पण फाटलेल्या रबराने काय बिघडणार, असं वाटलं.

दसऱ्यानंतर हरभऱ्यासाठी ट्रॅक्टर काढायला गेलो. इंजिन लागलं. पण गिअर न टाकताही क्लच सोडला की इंजिन धापा टाकून बंद पडायचं. चार माणसं जमली. कोणी म्हणालं, जाम झालंय, ओढलं की सुटेल. मग गिअर टाकला, दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडला आणि साखळीने ओढलं. मागची चाकं आधी घसटत गेली, मग आतून ‘खट्’ असा आवाज आला. गाडी सुटली, पण तो आवाज गिअरचे दात तुटल्याचा होता. गॅरेजमध्ये उघडल्यावर मिस्त्रीकाका म्हणाले, “ताई, ओढलं नसतं तर दोन बेअरिंग आणि साफसफाईवर भागलं असतं. आता गिअरही गेला.” त्या दिवशी आम्ही एक धडा घेतला. जाम झालेल्या वस्तूला जोर लावायचा नसतो, आधी ती कुठे अडली ते शोधायचं असतं.

ताकद जाते कशी?

गावच्या पिठाच्या गिरणीत जा. मोटर फिरते, पट्टा फिरतो, पट्ट्याने दगड फिरतो. गिरणीवाला पट्टा सैल करतो तेव्हा मोटर फिरत राहते, दगड थांबतो. ट्रॅक्टरमध्ये इंजिन म्हणजे मोटर. क्लच म्हणजे पट्टा सैल करायची सोय. क्लचचा पाय दाबला की इंजिन वेगळं, सोडला की जोडलेलं.

क्लचच्या मागे गिअरबॉक्स. त्यात लोखंडाचे जाड गोल दांडे असतात, त्यांनाच शाफ्ट म्हणतात. साध्या भाषेत तीन धरून चाला. पहिला इंजिनाकडून ताकद आत आणतो. दुसरा खालच्या बाजूला असतो, त्याला मिस्त्री काउंटर शाफ्ट किंवा ले-शाफ्ट म्हणतात. तिसरा ताकद मागे, चाकांकडे नेतो. शाफ्टवर लहानमोठे दात असलेले गिअर बसवलेले असतात. लहान गिअरने मोठा फिरवला की वेग कमी आणि ओढ जास्त. नांगराला ती ओढ लागते. ट्रॉलीला वेग लागतो, तिथे उलट.

एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. क्लच सोडलेला असेल, इंजिन चालू असेल, तर गिअर न टाकताही पहिला आणि दुसरा शाफ्ट फिरतच असतात. तिसरा मात्र गिअर टाकल्यावरच इंजिनाशी जोडला जातो.

शाफ्ट ज्यावर टेकून फिरतो ते बेअरिंग. दोन पोलादी कड्यांमध्ये गोळ्या किंवा रूळ. तेल असेल तोवर ते वर्षानुवर्षं फिरतं. तेल संपलं किंवा तेलात पाणी गेलं की गोळ्यांना गंज चढतो, त्या खरवडतात, तापतात आणि एक दिवस अडकतात. काही गिअर शाफ्टवर सैल फिरावेत म्हणून आत पितळी बुश असतो, तोही तेलाविना तापून शाफ्टला चिकटतो. यालाच आपण ‘शाफ्ट जाम झाला’ म्हणतो. हे एका दिवसात होत नाही. आमच्या ट्रॅक्टरमध्ये ते अडीच महिने होत होतं, आम्हाला एका दिवशी दिसलं.

हात लावायच्या आधी

सपाट, टणक जागा घ्या. काळ्या मातीच्या ओल्या वावरात जॅक लावू नका, तो खचतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. अवजार जोडलेलं असेल तर ते जमिनीवर टेकवा. ट्रॅक्टर जॅकवर असताना कोणीही खाली शिरायचं नाही. जॅकच्या जोडीला जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडी हवीच. विटा लावू नका, विटा अचानक फुटतात.

आणि पदर. साडी असेल तर पदर खोचा, वेणी बांधा, ओढणी काढून ठेवा. मागचा पीटीओ शाफ्ट, ज्यावर थ्रेशर किंवा रोटाव्हेटर चालतो, त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे आहे. म्हणजे एका सेकंदात नऊ फेरे. पदर अडकला हे कळायच्या आत तो नऊ वेळा गुंडाळलेला असतो. इंजिन चालू असताना फिरणाऱ्या भागाजवळ वाकून बघायचं नाही. तपासणी करताना पीटीओची दांडी बंद ठेवा.

चार प्रश्न, याच क्रमाने

‘ट्रॅक्टर हलत नाही’ याची कारणं बरीच असतात. स्वस्तातलं कारण आधी तपासायचं, महागातलं शेवटी. हा क्रम मिस्त्रीकाकांनी आम्हाला शिकवला.

पहिला प्रश्न: इंजिन मोकळं आहे का? गिअर न्यूट्रलला ठेवा, क्लच पूर्ण दाबा आणि सुरू करा. सुरू झालं तर इंजिन ठीक. बॅटरी चांगली असूनही फिरतच नसेल, तर दोष इंजिनात किंवा क्लचमध्ये असू शकतो. फार दिवस ओलीत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. मग पाय दाबला तरी इंजिन वेगळं होत नाही. इंजिन चालू झालं, पण क्लच दाबून गिअर टाकताना करकर आवाज येत असेल, तरी हाच संशय घ्या. गिअरबॉक्सला दोष देण्याआधी हे बघा.

दुसरा प्रश्न: न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर इंजिन चालू राहतं का? चालू राहिलं, तर पहिला आणि दुसरा शाफ्ट फिरताहेत. अडथळा असलाच तर पुढे, चाकांकडे आहे. इंजिन दबून बंद पडलं, तर अडथळा गिअरबॉक्समध्ये आहे. आमचं इथेच बंद पडत होतं. इथेच थांबून मिस्त्रीला बोलवायला हवं होतं.

तिसरा प्रश्न: मागची चाकं हाताने फिरतात का? इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हातब्रेक सोडलेला, डिफरन्शियल लॉक सुटलेला. मागचं एकच चाक जमिनीपासून वर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक दोन्ही हातांनी फिरवून बघा. मग ते खाली ठेवून दुसरं उचला. एक चाक फिरलं आणि एक अडलं, तर अडलेल्या बाजूचा ब्रेक धरून बसला आहे. पावसाळ्यानंतर हे फार वेळा होतं, त्यासाठी गिअरबॉक्स उघडायची गरज नाही. दोन्ही चाकं अडली, तर आधी दोन्ही ब्रेक सुटलेत का ते बघा. सुटले असतील, तर तिसरा शाफ्ट अडला आहे किंवा एखादा गिअर आत अडकून राहिला आहे.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: दोन गिअर एकाच वेळी तर पडले नाहीत ना? जुन्या ट्रॅक्टरमध्ये गिअरच्या दांडीचं खालचं टोक झिजतं. ते एका खाचेतून निसटून दुसऱ्या खाचेत शिरतं. पहिला गिअर निघत नाही आणि दुसराही पडतो. एकच शाफ्ट एकाच वेळी दोन वेगांनी फिरू शकत नाही, म्हणून सगळं कुलूप लावल्यासारखं अडतं. लक्षणं अगदी शाफ्ट जाम झाल्यासारखीच, इंजिनही तसंच बंद पडतं. पण इथे काहीच मोडलेलं नसतं. दांडी मधोमध येत नाही किंवा सैल लटकते, ही त्याची खूण. बऱ्याच मॉडेलांत दांडीखालचं झाकण काढलं की आतले सरकणारे दांडे दिसतात. ते जागेवर सरकवले की कुलूप सुटतं. काही मॉडेलांत त्या झाकणावर स्टिअरिंग बसवलेलं असतं, तिथे वेळ जास्त लागतो. तरीही पूर्ण ट्रॅक्टर उघडण्यापेक्षा ते हलकं काम आहे.

म्हणून शिंदखेड्याच्या ताई, तुम्ही मिस्त्रीला पहिलं वाक्य हेच सांगा, “आधी वरचं झाकण काढून दोन गिअर पडलेत का बघा, मग बाकीचं बोलू.”

तेल सगळं सांगतं

वरून बघून दोष सापडला नाही, तर गिअरबॉक्सचं तेल काढायचं. ट्रॅक्टर रात्रभर उभा असू द्या. सकाळी सुरू न करता खालचा तेल काढायचा बोल्ट अगदी थोडा सैल करा आणि खाली घमेलं धरा. वरणावरची फोडणी वर तरंगते, तसं तेल वर असतं आणि पाणी खाली बसतं. पाणी गेलं असेल तर आधी पाण्याचेच थेंब येतात. ट्रॅक्टर नुकताच चालून आला असेल, तर पाणी आणि तेल घुसळून गेलेलं असतं. तेव्हा तेल ताकासारखं पांढुरकं दिसतं.

मग सगळं तेल घमेल्यात काढा आणि त्यातून चुंबक फिरवा. मिस्त्रीकाकांनी आम्हाला घमेल्याभोवती बसवून दाखवलं. चुंबकाला काजळासारखी बारीक पूड चिकटली, तर ती जुन्या ट्रॅक्टरची नेहमीची झीज आहे. टोचणारे तुकडे आले, तर दात किंवा बेअरिंग फुटलं. पिवळी चमक दिसली आणि ती चुंबकाला चिकटत नसेल, तर पितळी बुश घासला. काळं, जळका वास येणारं तेल म्हणजे आत काहीतरी फार तापलं. आमच्या घमेल्यात ताक होतं आणि त्यात दाताचे दोन तुकडे.

पाणी गेलं कुठून? फाटलेल्या रबरातून. शिवाय गिअरबॉक्सला वर एक छोटं नळकांडं असतं, त्याला ब्रीदर म्हणतात. ट्रॅक्टर काम करून तापतो, तेव्हा आतली हवा फुगून बाहेर जाते. थंड झाला की आत ओढली जाते. तापलेल्या ट्रॅक्टरवर संध्याकाळी पाऊस पडला, तर फाटलेल्या रबरातून हवेबरोबर पाणीही आत ओढलं जातं. ब्रीदर मातीने बुजला, तर उलटं होतं, आतल्या दाबाने सीलमधून तेल बाहेर पडतं. धुताना जोराच्या पाण्याचा पाइप गिअरच्या दांडीवर मारणं, हेही एक कारण. आणि बऱ्याच जुन्या मॉडेलांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक लिफ्ट एकाच तेलावर चालतात. म्हणून लिफ्ट झटके देत वर येऊ लागली, तरी गिअरबॉक्सचं तेल तपासा.

गॅरेजमध्ये काय बघायचं?

शाफ्ट खरंच जाम असेल, तर बहुतेक वेळा ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. पुढचं इंजिन आणि मागचा भाग अलग. मिस्त्री याला ‘ट्रॅक्टर खोलणं’ म्हणतात. हे घरी करायचं काम नाही. पण समोर उभं राहून बघायला काहीच हरकत नाही, ट्रॅक्टर आपला आहे.

पहिली गोष्ट, आधार. पुढचा आस मधोमध खिळलेला असतो, म्हणून पुढचा भाग डावी-उजवीकडे झुकू शकतो. मागचा भाग वेगळा झाला की इंजिन कलंडू नये, यासाठी पुढच्या आसावर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकतात. पाचर दिसली नाही, तर विचारा. चांगला मिस्त्री या प्रश्नावर रागावत नाही.

दुसरी गोष्ट, क्रम. गिअरबॉक्समधून निघणारी प्रत्येक वस्तू ज्या क्रमाने निघाली, त्याच क्रमाने मांडून ठेवायची. हे काम आम्ही हातात घेतलं. घरून दोन मोठ्या पराती नेल्या, जुनं धोतर अंथरलं. प्रत्येक गिअर कोणत्या तोंडाने निघाला, त्याचा मोबाइलवर फोटो काढला. बेअरिंगच्या मागे कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. शाफ्ट पुढेमागे किती हलावा, हे त्या ठरवतात. त्या मिसळल्या, तर नवं बेअरिंगही लवकर जातं. आम्ही प्रत्येक जागेच्या चकत्या वेगळ्या सुतळीत ओवल्या. गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या छोट्या गोळ्या आणि स्प्रिंगा असतात, त्या उघडताना उडतात. वर फडकं धरलं की वाचतात. मिस्त्रीकाका म्हणाले, माझा एक दिवस वाचला.

तिसरी गोष्ट, हातोडा. जाम शाफ्ट काढताना हातोड्याने टोकावर थेट ठोकलं, की टोक फुगतं आणि तो बेअरिंगमधून निघतच नाही. त्यासाठी पुलर नावाचं ओढायचं साधन असतं, नाहीतर प्रेसवर काढतात. ठोकावंच लागलं, तर मध्ये पितळी दांडा धरतात. पितळ मऊ, त्यामुळे मार खातं ते पितळ. गंज असेल, तर आधी डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर मुरू देतात. लोणचं मुरायला ठेवतो तसं. घाई केली की मोडतं.

चौथी गोष्ट, उष्णता. बरणीचं घट्ट झाकण आपण गरम पाण्यात धरतो. झाकण फुगतं, सुटतं. इथेही तेच आहे. चाळीस मिलिमीटर भोकाचं पोलादी कडं ८० अंशांनी तापवलं, तर भोक जेमतेम चार शतांश मिलिमीटरने मोठं होतं. पण बेअरिंग सरकायला तेवढं पुरतं. म्हणून नवं बेअरिंग बसवताना ते गरम तेलात साधारण ८० ते १०० अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर सरकवतात. १२० अंशांच्या वर नेत नाहीत. गॅसच्या ज्योतीने शाफ्ट लाल करणं मात्र चूक. शाफ्टला कारखान्यात पाणी देऊन वरून कडक केलेलं असतं. लाल झाला की तो कडकपणा जातो आणि पुढच्या हंगामात तो पिळवटतो.

शाफ्ट हातात आला, की तो पुसून उजेडात धरा. निळसर डाग म्हणजे तो फार तापला होता. नखाला लागेल अशी खोल ओरखड असेल, किंवा त्यावरच्या लांब खाचा, ज्यात गिअर सरकतात, त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, तर शाफ्ट बदलायचा. वाकला आहे का ते लेथवाला फिरवून सांगतो. वेल्डिंग भरून पुन्हा घासून देतो, असं कोणी म्हणालं, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टसाठी आपण नाही म्हणावं. वेल्डिंगच्या आचेने कडक पोलादाला बारीक तडे जातात. स्वस्तात झालेलं ते काम पुन्हा सगळा ट्रॅक्टर खोलायला लावतं. मजुरी खोलण्याची असते. एकदा खोलला की त्या शाफ्टची बेअरिंगं, सगळी ऑईल सीलं आणि पॅकिंग नवीच घालावीत. क्लच प्लेटही त्याच वेळी बघून घ्यावी.

जुन्या ट्रॅक्टरचा भाग मिळतो का?

आपल्याकडे जुने ट्रॅक्टर बरेच आहेत आणि त्यांचा इतिहास कामाला येतो. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टर या परदेशी कंपनीच्या सहकार्याने १९६३ साली बी-२७५ काढला. मॅसी फर्ग्युसन आपल्याकडे चेन्नईच्या टाफे कंपनीने आणला. पंजाबातून १९७४ साली स्वराज आला, तो इथेच घडवलेल्या आराखड्याचा. एचएमटीचे झेटर जातीचे ट्रॅक्टर हरियाणातल्या पिंजोरला १९७१पासून बनत. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. ज्या मॉडेलाचे वारस अजून बनतात, त्यांचे भाग सहज मिळतात. ज्यांचा कारखाना बंद झाला, त्यांच्यासाठी जुन्या बाजारात शोधावं लागतं.

म्हणून दुकानात नुसतं नाव सांगू नका. जुना शाफ्ट पोत्यात गुंडाळून सोबत न्या. नव्याशी लांबी जुळवा, खाचा मोजा, गिअरचे दात मोजा. कापड घेताना आपण धागा ओढून बघतो, तसंच हे. एकाच मॉडेलात वर्षानुसार भाग बदललेले असतात, तेव्हा चासी नंबरही लिहून न्या. पावती घ्या आणि काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून परत मागा. काय बदललं, त्याचा तो पुरावा असतो.

जोडल्यावर लगेच नांगर लावू नका. बंद करण्याआधी शाफ्ट हाताने फिरतो का ते बघा. मग पुस्तिकेत सांगितलेलं तेल, सांगितलेल्या खुणेपर्यंत भरा. कमी नको, जास्तही नको. न्यूट्रलला दहा मिनिटं चालवा, प्रत्येक गिअरमध्ये रिकामा फिरवा, गिअरबॉक्सला बाहेरून हात लावून फार तापतो का ते बघा. पाणी गेलेला गिअरबॉक्स असेल, तर काही दिवस काम केल्यावर हे तेल पुन्हा बदला. पहिलं तेल आतली राहिलेली घाण धुऊन आणतं. आम्हाला हे तेल वाया गेल्यासारखं वाटलं होतं. घमेल्यात ते परत पांढुरकं दिसलं, तेव्हा पटलं.

आपल्या वर्षात हे कुठे बसवायचं?

आमच्या मैत्रिणीचा ट्रॅक्टर सुटला, पण त्या वर्षीचा हरभरा उशिरा पेरला गेला आणि दोन महिन्यांचं भाडं बुडालं. गिअर, बेअरिंग, मजुरी, तेल, सगळं धरून गटाकडून कर्ज घ्यावं लागलं. ते तिने पुढच्या कापसावर फेडलं. आणि सुरुवात झाली होती एका फाटलेल्या रबरी टोपापासून, जो त्या सगळ्या बिलात सर्वांत स्वस्त होता.

तेव्हापासून आम्ही ट्रॅक्टरची तपासणी सणांना बांधली. आखाजीला खान्देशात नवा सालदार लागतो, शेतीचं वर्ष तिथून धरतो. त्या दिवशी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून बघायची, रबर आणि ब्रीदर बघायचा. पोळ्याला बैलांना धुतो, खांदे शेकतो. त्याच आठवड्यात ट्रॅक्टरच्या तळाचा बोल्ट सकाळी सैल करून पाणी येतं का बघायचं. दिवाळीआधी रब्बीला जुंपण्यापूर्वी पुन्हा एकदा. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल, तर गिअरच्या दांडीवर प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधा. आठवड्यातून एकदा सुरू करून थोडा हलवा, म्हणजे तेल वरच्या बेअरिंगपर्यंत पोचतं आणि क्लच प्लेटही चिकटत नाही.

ज्यांना याहून पुढे शिकायचं आहे, त्यांच्यासाठी एक पत्ता. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांचं प्रशिक्षण आणि चाचणी करणारी संस्था आहे, १९५५ साली सुरू झालेली. भुसावळहून इटारसी, आणि इटारसीहून भोपाळच्या वाटेवर बुदनी. देशातल्या ट्रॅक्टरांची तिथे चाचणी होते आणि शेतकऱ्यांना वापर, देखभाल, दुरुस्ती शिकवतात. आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही अशा वर्गांची चौकशी करा. वर्गात बायका नसतात म्हणून मागे राहू नका. तेलाला हात लावणारी पहिली बाई वर्गात आली, की दुसरी येतेच.

शिंदखेड्याच्या ताई, भंगारवाल्याला अजून हो म्हणू नका. कोणालाही ओढू देऊ नका. आधी चार प्रश्न विचारा, मग तेल बघा, मग मिस्त्रीला बोलवा. तुमच्या घमेल्यात काय निघालं, ते आम्हाला फोन करून नक्की सांगा. पुढच्या गप्पांमध्ये आम्ही तुमच्या उत्तरापासूनच सुरुवात करू.

तोवर, राम राम मैत्रिणींनो.